वस्त्रांचे आयुष्य

वसईच्या परिसरात जूचंद्र नावाचे गाव आहे. चंडिकादेवीच्या मंदिरामुळे आणि तेथील रांगोळीकारांमुळे त्याचे नाव आज दूरवर पोहोचले आहे. परंतु खाडीकाठच्या या भागाची जुनी ओळख मिठागरांची होय. येथील आगरी समाजाचे नावही आगरावरून, म्हणजे मिठागरावरून, पडले असे सांगतात. मिठागरात राबणाऱ्याच्या अंगावरील वस्त्राला घाम आणि खारे पाणी असे दोन शत्रू असतात. खारे पाणी कापडात वाळले, म्हणजे मिठाचे बारीक कण धाग्यांत अडकून बसतात, हालचालीसरशी धागा घासतात, आणि हवेतील ओल ओढून घेऊन कापड सर्द ठेवतात. असे वस्त्र वाळण्यापूर्वीच गोड्या पाण्यात खळबळून काढणे, हा त्यावरील साधा उपाय. पण खाडीकाठी गोडे पाणीच दुर्मिळ. आणि मचूळ पाण्यात साबणाला फेस येत नाही, उलट त्याचा चिकट साका कापडावर बसतो. यावरून एक गोष्ट ध्यानात येते. कपड्यांची निगा हा केवळ टापटिपीचा प्रश्न नसून, हाताशी काय आहे व काय नाही, याचाही तो प्रश्न आहे.

जुन्या मराठी घरात वस्त्राला माणसासारख्याच अवस्था असत, आणि प्रत्येक अवस्थेला स्वतंत्र शब्द होता. नव्या लुगड्याची प्रथम घडी मोडली जाई. नऊवारी लुगडे सर्व ठिकाणी सारखे झिजत नाही. बसण्याउठण्याचा ताण पडतो तो भाग आधी विरतो. तेव्हा तेवढा विरलेला तुकडा कापून काढून उरलेले दोन धड भाग जोडीत. याला लुगड्याला दंड घालणे म्हणत. असे दंड घातलेले लुगडे आणखी काही काळ नेसता येई. पुढे ते जुनेर होई. जुनेराची दुपटी होत, बाळोती होत, आणि अनेक जुनेरे एकावर एक पसरून धावदोऱ्याने शिवली म्हणजे गोधडी होई. एकेकटे पदर विरलेले असले तरी ओळीने घातलेले टाके त्यांवरील ताण वाटून घेतात, म्हणून गोधडी वर्षानुवर्षे टिकते. त्यातूनही उरलेल्या चिंध्यांचे पोतेरे होई किंवा काकडा वळला जाई. थोडे धड कपडे असले तर ते बोहारणीला देऊन भांडे घेत. सारांश, वस्त्र टाकून देणे ही कल्पनाच त्या घरात नव्हती.

धुण्याच्या रीतीतही पुष्कळ अनुभव साठलेला होता. सुती कापडाला राखेचे किंवा पापडखाराचे पाणी चालते. रेशीम व लोकर यांना क्षार बाधतो. म्हणून रेशमी व लोकरी वस्त्रांना रिठ्याचे पाणी लावीत. रिठ्याच्या सालीतील फेसाळ द्रव्य मळ सोडविते, पण धाग्याला दुखवीत नाही. सुताचा धागा ओला झाला असता अधिक बळकट होतो, तर रेशमाचा व लोकरीचा दुर्बळ होतो. परटाच्या दगडावरचा मार सुती धोतर काही काळ तरी सोसते आणि पीतांबर मुळीच सोसत नाही, त्याचे कारण हेच. १८८८ साली कलकत्त्याच्या बंदरात सनलाइट साबणाच्या पेट्या उतरल्या. पुढे साबण घरोघर गेला, आणि रेशमालाही तोच लावण्याची चूक त्याच्याबरोबर गेली.

नीळ आणि खळ यांविषयीही असेच समज आहेत. नीळ मळ काढीत नाही. कापडावरील पिवळी झाक ती नजरेस पडू देत नाही, एवढेच. खळीने कापडाला ताठरपणा येतो खरा, परंतु खळ केलेले वस्त्र तसेच पेटीत ठेवले तर कसर त्यावर ताव मारते. म्हणून पावसाळ्यापूर्वी वस्त्रे खळ न करता धुऊन, पूर्ण वाळवून, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवण्याचा प्रघात होता. जरीची पैठणी जुन्या मऊ धोतरात गुंडाळीत, आणि तिची घडी अधूनमधून बदलीत. कारण एकाच ठिकाणी दुमडलेले रेशीम व जर त्याच रेषेवर तुटतात. कोकणच्या दमट हवेत एवढेही पुरत नाही. पावसाची उघडीप मिळताच पेट्या उघडून कपड्यांना वारा द्यावा लागतो, नाही तर बुरशीचे काळे ठिपके कायमचे बसतात.

ही निगा प्रतिष्ठित घरांतही कमीपणाची मानली जात नसे. १९१२ साली नामदार गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेत गेले, तेव्हा त्यांच्याजवळ न्यायमूर्ती रानडे यांनी दिलेला एक दुपट्टा होता. रानडे १९०१ सालीच निवर्तले होते. गुरूची ती आठवण गोखले विशेष प्रसंगीच वापरीत. जोहान्सबर्गच्या मेजवानीच्या वेळी दुपट्टा चुरगळलेला निघाला, आणि परटाकडे देण्यास वेळ नव्हता. गांधीजींनी स्वतः इस्त्री करण्याची तयारी दाखविली. वकील म्हणून आपल्यावर विश्वास आहे, परीट म्हणून नाही, अशा आशयाचे उत्तर गोखल्यांनी दिले. अखेर परवानगी मिळाली, काम चोख झाले आणि गोखल्यांची शाबासकीही मिळाली. गांधीजी ही विद्या पुस्तक वाचून शिकले होते. त्यांच्या पहिल्या कॉलरची खळ कोर्टात गळू लागून थट्टा झाल्याचे त्यांनीच आत्मकथेत नमूद केले आहे.

दुसऱ्या महायुद्धाने हा प्रश्न घरोघर आणून सोडला. इंग्लंडात १ जून १९४१ पासून कपड्यांवर कूपनांचे नियंत्रण आले. पहिल्या वर्षी माणशी ६६ कूपने मिळत, आणि हे बंधन १९४९ च्या मार्चपर्यंत टिकले. १९४३ साली तेथील सरकारने जुने कपडे दुरुस्त करून वापरण्याची पुस्तिकाही काढली. त्याच वर्षी हिंदुस्थानात कापड व सूत नियंत्रणाचा हुकूम निघाला. गिरण्यांच्या मुंबई इलाख्यातही कापडासाठी रांगा लागल्या. इंग्लंडच्या गृहिणीला पुस्तिकेतून जे शिकावे लागले, ते येथील स्त्रियांना दंड आणि गोधडी यांच्या रूपाने आधीच येत होते.

तथापि या कसबाचे कौतुक करताना एक प्रसंग विसरता येत नाही. निळीच्या सक्तीविरुद्ध १९१७ साली चंपारण्यात लढा झाला. तेथील गावांत शाळा व स्वच्छता यांचे काम करण्यासाठी महाराष्ट्रातून अवंतिकाबाई गोखले, आनंदीबाई वैशंपायन प्रभृती गेल्या होत्या, कस्तुरबाही होत्या. भितिहरव्याजवळच्या एका लहान गावातील काही स्त्रियांचे कपडे फार मळलेले दिसले, म्हणून ते का धूत नाही, असे कस्तुरबांनी विचारले. एका स्त्रीने त्यांना आपल्या झोपडीत नेले. तेथे पेटी नव्हती, कपाट नव्हते; अंगावरचे लुगडे हेच तिचे एकमेव वस्त्र होते. ते धुवावे, तर वाळेपर्यंत नेसावे काय?

वस्त्र टिकविण्याचे सर्व शास्त्र दुसऱ्या वस्त्रापासून सुरू होते, हे त्या स्त्रीने न शिकविता शिकविले. गाडगेमहाराज (१८७६–१९५६) परीट कुळात जन्मले आणि चिंध्यांचे वस्त्र पांघरून गावोगाव स्वच्छता सांगत हिंडले. लोक त्यांना गोधडेबाबा म्हणत. परंतु त्यांनी ते वस्त्र स्वेच्छेने पत्करले होते. भितिहरव्याजवळच्या त्या बाईला तशी निवड नव्हती.

आज परिस्थिती पालटली आहे. कृत्रिम धाग्याचे स्वस्त कापड सर्वत्र मिळते, कपाटे भरलेली असतात, आणि दंड हा शब्द नव्या पिढीच्या कानांवरून गेलेलाही नसतो. दारिद्र्याने शिकविलेली काटकसर दारिद्र्याबरोबर गेली, तर त्याचे दुःख नको. पण उसवलेली शिवण आज चार टाक्यांत सावरते. उद्या त्याच जागी ठिगळ लागते. जुन्या पेटीतील एखादी गोधडी उकलून पाहावी. तिच्या पदरांत आजीचे लुगडे, आईची चोळी आणि बाळाचे दुपटे ओळखू येते. आणि ती शिवणारीने दिवसाची कामे आटोपल्यावर, दिव्याच्या उजेडात, किती टाके घातले असतील, याचा अंदाज येतो.