विश्रामबागवाडा : चुना, साग आणि जतन

पुण्याच्या बाजीराव रस्त्यावरील विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीराव पेशव्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी बांधून घेतला. त्यासाठी सुमारे दोन लाख रुपये खर्च झाल्याचे सांगितले जाते. शनिवारवाडा १८२८ मध्ये आणि बुधवारवाडा १८७९ मध्ये जळाला. विश्रामबागवाड्यालाही आगीची झळ बसली, मात्र पूर्वेकडील जळालेला भाग नगरपालिकेचा निधी व लोकवर्गणीतून पुन्हा उभारण्यात आला. आज दिसणारी प्रत्येक तुळई पेशवेकालीन नाही, हे त्यामुळे लक्षात ठेवलेले बरे.

पेशवाईनंतर येथे १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा सुरू झाली. पुढे सरकारी कचेऱ्या आल्या, नगरपालिकेचा कारभारही काही दशके येथूनच चालला. कचेरीच्या सोयीसाठी केलेले फेरफार जुन्या वास्तूला मानवत नाहीत, हे खरे. पण रिकामा राहिला असता, तर वाडा कदाचित उभाच राहिला नसता.

महापालिकेने विसाव्या शतकाच्या अखेरीनंतर जतनाचे काम हाती घेतले. अशा कामात खरी कसोटी लागते ती सामग्रीची. सागवानी खांब बहुधा तळखड्यालगत कुजतो. संपूर्ण खांब बदलणे सोपे असते. जाणकार सुतार मात्र कुजका तेवढाच भाग कापून, रेषा जुळणाऱ्या जुन्या सागाचा तुकडा सांध्याने बसवतो. येथील सुरूच्या आकाराचे कोरीव खांब पाहिले, की हा खटाटोप कशासाठी, ते कळते.

भिंतींचेही तसेच. जुन्या विटांच्या भिंतीत ओल येते आणि चुन्याच्या गिलाव्यातून ती वाळून जाते. त्यावर सिमेंट थापले, की ओल आतच कोंडते, क्षार साचतात, वीट भुसभुशीत होते आणि भिंतीत रुतलेली लाकडे कुजू लागतात. भिंत वरून गुळगुळीत दिसते, म्हणून मालकाला काही वर्षे पत्ताही लागत नाही. पेठांतील कित्येक खासगी वाड्यांची अशीच ‘डागडुजी’ झाली. चुना विरवून, मळून, मुरवून वापरायला वेळ लागतो आणि ठेकेदाराला नेमका तोच नको असतो.

काम पूर्ण झाले, तरी दरवर्षी पावसाळ्यापूर्वी कौले चाळणे आणि पन्हाळी साफ करणे चुकत नाही. एक कौल सरकले, तरी पाणी थेट तुळईच्या टोकाशी पोहोचते.