चार तारांचं लाकूड

"मामू, मला युकुलेले हवं." धाकट्या बहिणीच्या मुलीनं फोनवर हे सांगितलं तेव्हा मला आधी तो खाण्याचा पदार्थ वाटला. नंतर कळलं की गिटारच्या पोटच्या पोरासारखं दिसणारं ते चार तारांचं इवलंसं वाद्य आहे. मुलगी नववीत, पहिल्यांदाच मामाकडे काही मागतेय. मी पुण्यातल्या एका दुकानात गेलो. दुकानदारानं एक वाद्य काढून तळहातानं पुसलं आणि म्हणाला, "सर, हे पूर्ण सॉलिड वुड आहे." मी साडेनऊ हजार रुपये मोजले. मात्रा मोजता येतात म्हणून माणसाला लाकूड कळतं असं नाही, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

गावी जाताना वाटेत मिरजेला उतरलो. तिथे सतारी करणारे एक ओळखीचे कारागीर आहेत. त्यांनी युकुलेले कधी पाहिलेलं नव्हतं, पण ते हातात घेतलं, मधल्या गोल भोकाची कड उजेडाकडे धरली, बोटाच्या पेरानं दोनदा टकटक केलं आणि म्हणाले, "भाई, हा प्लाय आहे. वरचा पापुद्रा तेवढा चांगल्या लाकडाचा." मीही पाहिलं. कडेवर गडद, फिका, गडद असे तीन थर स्वच्छ दिसत होते. अखंड लाकूड असतं तर वरची शीर तशीच सरळ कडेतून खाली उतरलेली दिसली असती. चपातीची कड आणि खारीची कड यांत जो फरक, तोच.

फसवणुकीचा राग दोन दिवस टिकला. मग कुतूहल सुरू झालं. एवढ्याशा वाद्यात लाकडाचं एवढं काय?

त्यासाठी प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांवर जावं लागतं, आणि तेही उसाच्या फडातून. १८७५ साली हवाईचं राज्य आणि अमेरिका यांच्यात करार झाला आणि हवाईची साखर अमेरिकेत जकातीशिवाय जाऊ लागली. ऊस वाढला, पण माणसं कमी पडली. बाहेरून आलेल्या रोगांनी मूळ हवाईयन लोकसंख्या आधीच खंगली होती. म्हणून मळेवाल्यांनी जगभरातून मजूर आणायला सुरुवात केली. त्यांत पोर्तुगालच्या मदेरा बेटावरचे लोक होते. चार महिन्यांचा समुद्रप्रवास करून 'रेव्हन्सक्रॅग' नावाचं जहाज २३ ऑगस्ट १८७९ रोजी होनोलुलूच्या बंदरात लागलं. त्यात चारशेहून अधिक बायका, पुरुष, मुलं होती. सांगतात की जुआँव फर्नांडिश नावाच्या एका प्रवाशानं सुखरूप पोचल्याच्या आनंदात धक्क्यावरच एक छोटं तंतुवाद्य वाजवायला सुरुवात केली. मदेरात त्याला माशेत म्हणत. आपल्याकडे ऊसतोडीला निघालेल्या गाड्यांवर भांड्यांच्या बोचक्यात एखादी हलगी खोचलेली दिसते, तसंच हे असावं.

त्याच जहाजात तीन सुतार होते: मानुएल नुनेस, ऑगुस्तो दियाश आणि जुझे दु एस्पिरितु सांतु. लाकडी सामान करणारी ही माणसं आली ती मळ्यांवर राबायला. पण काही वर्षांतच तिघांनीही होनोलुलूत वाद्यं बनवायला घेतली. त्यांनी आकार माशेतचा ठेवला, सुरांची जुळणी मदेरातल्याच राजाव या पाच तारांच्या वाद्यावरून घेतली, आणि लाकूड मात्र तिथल्या जंगलातलं निवडलं. मिरजेतही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या कारागिरांचे हात सतारीकडे वळले. एक काम थांबलं की हात दुसरं शोधतात.

ते लाकूड म्हणजे कोआ. आपल्या बाभळीच्या गोतातला हा वृक्ष, पण जगात फक्त हवाईतच आपणहून उगवतो. हवाईयन भाषेत कोआ म्हणजे योद्धासुद्धा. राजेलोकांच्या होड्या याच्याच खोडातून कोरल्या जात. रंग मधासारखा, शिरा लाटांसारख्या. म्हणजे परदेशातून आलेल्या वाद्याला अंग मिळालं ते इथल्या मातीतलं. हवाईयन लोकांनी ते परकं मानलं नाही त्याचं एक कारण हेही असेल, असं मला वाटतं.

दुसरं कारण राजा कलाकौआ. धर्मप्रसारकांच्या नाराजीमुळे मागे पडलेल्या हुला नृत्याला त्यानं पुन्हा दरबारात आणलं आणि त्याच्या साथीला युकुलेले बसवलं. १८८६ साली त्याच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या सोहळ्यात हे वाद्य हुलाबरोबर वाजलं. नावाचा अर्थ सर्रास 'उडी मारणारी पिसू' असा लावतात, कारण वाजवणाऱ्याची बोटं तारांवर पिसवेसारखी उडतात. कलाकौआची बहीण, राणी लिलिउओकलानी, वेगळा अर्थ सांगे: 'चालत आलेली भेट'. कवी म्हणून माझं मत राणीच्या बाजूनं. १८९३ साली तिला पदच्युत केलं गेलं, १८९८ मध्ये बेटं अमेरिकेनं आपल्यात घेतली. राज्य गेलं, वाद्य राहिलं.

आणि इथूनच माझ्या साडेनऊ हजारांची गोष्ट सुरू होते. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोत मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. पावणेदोन कोटींहून अधिक लोक ते पाहून गेले. हवाईच्या दालनात युकुलेले वाजत होतं आणि अमेरिका त्यावर लट्टू झाली. मागणी एवढी वाढली की मुख्य भूमीवरचे कारखाने धडाधड युकुलेले काढू लागले आणि त्यांतले काही माल हवाईचा म्हणून खपवू लागले. अस्सल मालासाठी होनोलुलूकरांना आपला शिक्का नोंदवून घ्यावा लागला. शंभर वर्षांपूर्वीही गिऱ्हाईक माझ्यासारखंच होतं.

सगळेच कारखानदार लबाड नव्हते. मार्टिन या नामांकित गिटार कंपनीनं १९०७ च्या सुमारास युकुलेले करून पाहिलं होतं, पण गिटारसारखं: स्प्रूसची फळी, आत भरपूर आधारपट्ट्या. आवाज दबला, माल खपला नाही. पुढे १९१६ मध्ये त्यांनी पातळ महॉगनी वापरून हलकं वाद्य काढलं आणि ते गाजलं. चार बारीक तारांना जड फळी हलवता येत नाही. लाकूड अखंड हवं, पण पातळही हवं. त्याच १९१६ मध्ये सॅम्युएल कमाका यांनी होनोलुलूत काम सुरू केलं, पुढे अननसाच्या आकाराचं युकुलेले काढलं. त्यांच्या घराण्याचा कारखाना आजही चालतो. या कारखान्यात कर्णबधिर कारागीरही काम करत आले. फळीवर टकटक करून तिची थरथर ते बोटांनी ओळखत आणि लाकूड किती तासायचं ते ठरवत. हे वाचलं तेव्हा मला मिरजेतलं ते बोटाचं पेर आठवलं.

मग स्वस्ताईचं युग आलं. १९४९ मध्ये मारियो माकाफेरी यांनी प्लॅस्टिकचं युकुलेले काढलं. टीव्हीवरच्या आर्थर गॉडफ्री यांच्या शिफारशीमुळे ते लाखांनी खपलं. प्लायचीही रेलचेल झाली. तिकडे गुरं चारून आणि तोड होऊन कोआची जंगलं आटली, म्हणून अस्सल कोआचं युकुलेले आता आपल्यासारख्याच्या खिशाबाहेर. त्याच्या जागी महॉगनी, इतर देशांतल्या बाभूळवर्गी झाडांचं लाकूड, आणि चक्क आंब्याचं लाकूडही वापरतात. आंब्याचं युकुलेले सुरेख दिसतं.

एवढं कळल्यावर मी पुन्हा त्या दुकानात गेलो. दुकानदारानं पैसे परत दिले नाहीत, बदलून घ्या म्हणाला. या वेळी मी विचारलं, पूर्ण अखंड की फक्त वरची फळी? तो जरा चपापला. आवाजाचं निम्म्याहून जास्त काम वरची फळी करते. पाठ आणि कडा प्लायच्या असल्या तरी चालतं, आणि किंमत आवाक्यात राहते. पूर्ण अखंड लाकडाची किंमत दुप्पट होती. मी भोकांच्या कडा पाहिल्या, पाच वाद्यं उचलून वजन तोललं, प्रत्येकाच्या खुंट्या फिरवून पाहिल्या, मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांची टोकं बोटाला बोचतात का ते पाहिलं. तारा पहिल्या घरात दाबायला जड जात असतील तर पोरगी महिन्यात वाद्य माळ्यावर टाकणार, म्हणून तेही तपासलं. अडीच हजार आणखी घातले आणि वरची फळी अखंड महॉगनीची असलेलं, तेवीस इंची, कॉन्सर्ट मापाचं घेतलं. सर्वांत लहान सोप्रानो एकवीस इंचाचं असतं, पण तिची बोटं लांब आहेत.

अखंड लाकूड हवा पितं. पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आखडतं, फार कोरडं झालं तर तडकतं. बहीण चिपळूणला राहते. म्हणून वाद्याबरोबर ओल शोषणाऱ्या पुड्या पाठवल्या आणि खिडकीपाशी टांगू नको अशी ताकीद दिली. जूनमध्ये फोन आला, "मामू, सूर सारखे उतरतायत." मी म्हटलं, नव्या तारा ताणल्या जातात, रोज जुळव. मागे पावसाचा आवाज येत होता, आणि त्यात ती एकेक खुंटी पिळत होती.