प्रोसेसर बस व रॅम यांच्या वेगांचा मेळ : एक ऐतिहासिक आढावा (१९९८–२००८)

संगणकाचा वेग म्हणजे प्रोसेसरचा वेग, असा समज सर्वत्र रूढ आहे. तथापि रॅममधील माहिती प्रोसेसरपर्यंत ज्या मार्गाने पोहोचत असे, त्या फ्रंट साइड बसच्या तुलनेत रॅम मंद असल्यास प्रोसेसरला ताटकळावे लागे.

१९९८ मधील इंटेलच्या ४४०बीएक्स चिपसेटमध्ये हा मेळ सरळ होता : बस १०० मेगाहर्ट्झ, एसडीरॅमही १०० मेगाहर्ट्झ. नोव्हेंबर २००० मध्ये आलेल्या पेंटियम ४ ने हे गणित बदलले. त्याची १०० मेगाहर्ट्झची बस प्रत्येक आवर्तनात चार वेळा माहिती वाहून नेई. त्यामुळे तिची क्षमता सेकंदाला ३.२ गिगाबाइट झाली. पीसी८०० आरडीरॅमच्या दोन वाहिन्या मिळून नेमकी तेवढीच माहिती पुरवीत. परंतु ती रॅम महाग होती. म्हणून २००१ मध्ये ८४५ चिपसेटद्वारे स्वस्त पीसी१३३ एसडीरॅमची सोय झाली. तिची क्षमता जेमतेम १.०६ गिगाबाइट, म्हणजे बसच्या सुमारे एक तृतीयांश होती. ग्राहक गिगाहर्ट्झचा आकडा पाहून संगणक घेई. रॅममुळे होणारा खोळंबा त्या आकड्यात दिसत नसे.

२००३ मध्ये ८०० मेगाहर्ट्झ म्हणून ओळखली जाणारी बस व डीडीआर४०० रॅमच्या दोन वाहिन्या ६.४ गिगाबाइटवर पुन्हा जुळल्या. त्याच वर्षी एएमडीने अ‍ॅथलॉन ६४ मध्ये रॅमचा नियंत्रक प्रोसेसरमध्येच बसविला. इंटेलने २००८ मध्ये कोअर आय७ द्वारे तोच मार्ग स्वीकारला व फ्रंट साइड बस मागे पडली. सारांश, प्रोसेसरचे मूल्यमापन त्याला होणाऱ्या माहितीच्या पुरवठ्यासह करणे आवश्यक ठरते.