मोटेच्या विहिरीपासून समुद्रातल्या विहिरीपर्यंत



पवनेच्या काठच्या रहाटणीचे नाव घेतले की त्यात आपल्याला ‘रहाट’ ऐकू येतो. नावाचा उगम तोच की दुसरा, हा वाद पंडितांकडे सोपवू. पण ज्या काळात इथे शेते होती, त्या काळात विहिरीवर मोट नाही तर रहाट असायचा, हे जुन्या माणसांना सांगायला नको. बैल चालले की पाणी वर यायचे, बैल थांबले की पाणी थांबायचे.

मग विहिरीवर इंजिन आले. रहाटणीपासून जवळच, खडकीला, 1946 साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स हा कारखाना निघाला. महाराष्ट्रातल्या कितीतरी विहिरींवर या इंजिनांची धडधड सुरू झाली. बैल सुटले, पण इंजिनाला पोटाला डिझेल लागे. आता बघा, बैलाची वैरण आपल्या बांधावर उगवते. डिझेल कुठून आणायचे?

आपल्या पायाखाली तर तेल नाही. रहाटणीत बोअर मारला तर काळा पाषाण लागतो. कोट्यवधी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरले आणि थंड होऊन त्यांचा हा कातळ झाला. त्याच्या फटींतून नशिबाने पाणी लागते, तेल लागत नाही. तेल तयार व्हायला जुन्या समुद्रातला गाळ लागतो. त्या गाळात पुरलेले बारीक जीव लाखो वर्षे दाबाने आणि उष्णतेने शिजतात, त्यांचे तेल होते, आणि ते सच्छिद्र खडकात स्पंजातल्या पाण्यासारखे साठून राहते. म्हणजे तेलाचे ‘तळे’ नसते बरं का, तेल मुरलेला दगड असतो.

आपल्या देशात आसामातल्या दिग्बोईला 1889 साली तेल लागले. स्वातंत्र्यानंतर 1956 साली तेल व नैसर्गिक वायू आयोग स्थापन झाला आणि 1960 साली गुजरातेत अंकलेश्वरला तेल मिळाले. तेवढ्याने देशाची गरज भागेना. साठीच्या दशकात सोव्हिएत तज्ज्ञांच्या मदतीने खंबातच्या आखातात आणि अरबी समुद्रात पाहणी झाली. ध्वनीच्या लाटा तळाशी पाठवायच्या आणि त्या कशा परत येतात यावरून खालच्या खडकाची ठेवण ओळखायची, अशी ती रीत. तेव्हा मुंबईच्या पश्चिमेला समुद्राच्या पोटात खडकाचा एक मोठा उंचवटा सापडला. त्याचेच नाव मुंबई हाय.

मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर, जिथे पाणी सुमारे 75 मीटर खोल, तिथे विहीर खणायची तरी कशी? त्यासाठी जपानमध्ये बांधलेला ‘सागर सम्राट’ हा तराफा आणला. तो जागेवर पोहोचला की आपले लांब लोखंडी पाय तळाला टेकवतो आणि त्या पायांवर स्वतःला लाटांच्या वर उचलून घेतो. शिक्षकबंधूंनो, मुलांना 1 रुपयाची नोट दाखवा, तिच्यावर या सागर सम्राटाचे चित्र आहे. फेब्रुवारी 1974 मध्ये त्याने खणलेल्या विहिरीला तेल लागले. त्याआधी चारच महिन्यांपूर्वी, ऑक्टोबर 1973 च्या अरब-इस्रायल युद्धानंतर, जगात तेलाचे भाव चौपट होऊ लागले होते. त्या वेळी घरच्या समुद्रात तेल लागणे म्हणजे दुष्काळात विहिरीला झरा फुटण्यासारखेच होते. 1976 साली उत्पादन सुरू झाले. पुढे समुद्राच्या तळावरून उरणपर्यंत नळ टाकले गेले, आणि ऐंशीच्या दशकात तिथून वर्षाला सुमारे दोन कोटी टन तेल निघू लागले.

इथवरची कथा आनंदाची आहे. आता तिची दुसरी बाजू.

तेलाची विहीर खणताना छिद्रात मुद्दाम घट्ट चिखल सोडतात. हा चिखल पात्याला थंड ठेवतो, खडकाचा भुगा वर आणतो आणि आपल्या वजनाने खालचा दाब रोखून धरतो. तो दाब आवरला नाही तर तेल आणि वायू उसळून वर येतात आणि एक ठिणगी पुरते. 1982 साली ‘सागर विकास’ या तराफ्यावर असाच स्फोट झाला. 2020 साली आसामात बागजान येथे विहीर उसळली, पुढे पेटली, आणि ती विझवायला नोव्हेंबर उजाडला. आग विझवणारे दोन जवान गेले. हजारो गावकऱ्यांना घरे सोडावी लागली आणि शेजारच्या मागुरी-मोटापुंग पाणथळीवर तेल पसरले.

विहीर शहाण्यासारखी वागली तरी तेल वाहून आणताना धोका असतोच. मे 1993 मध्ये मुंबई हायहून उरणकडे येणारा नळ फुटला आणि काही हजार टन तेल समुद्रात गेले. 27 जुलै 2005 रोजी, मुंबई महापुरात बुडाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, मुंबई हायच्या उत्तर भागातल्या एका मंचाला मदतीचे जहाज धडकले. आग लागली आणि 22 माणसे प्राणास मुकली. मे 2021 च्या तौक्ते वादळात याच तेलक्षेत्रातली कामगारांची राहण्याची नौका बुडाली. तिच्यावरचे आणि एका ओढनौकेवरचे मिळून सत्तरहून अधिक लोक गेले. हेही पर्यावरणाच्या हिशेबातच धरा. माणूस काही निसर्गाच्या बाहेर नाही.

तेल पाण्यावर पडले की काय होते? सुमारे 250 वर्षांपूर्वी बेंजामिन फ्रँकलिन याने इंग्लंडातल्या एका तळ्यावर चमचाभर तेल ओतले. ते पसरत पसरत अर्ध्या एकरावर गेले. आपल्या भाषेत, 20 गुंठ्यांवर! मग टनावारी तेल कुठवर जाईल, याचा विचार करा. दाट तवंगाखाली पाण्यात हवा नीट मिसळत नाही. पक्ष्यांची पिसे चिकटतात. खाडीतल्या तिवराची मुळे चिखलातून वर येऊन श्वास घेतात, त्यांच्यावर तेल बसले की झाड गुदमरते. आणि तिवर गेले की कोळंबी आणि बारक्या माशांचा पाळणाच गेला. पावसाळ्यात गोव्याच्या आणि कोकणाच्या किनाऱ्यांवर डांबराचे काळे गोळे येतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्यांची तपासणी केली. त्यांतले काही जहाजांच्या टाक्या धुतल्याचे, तर काही मुंबई हायच्या तेलाशी जुळणारे निघाले.

कोळी बांधवांचे दुःख आणखी वेगळे. तेलमंचाभोवती 500 मीटरच्या आत जाण्यास मनाई असते. पाहणी चालू असली की ऐन हंगामात जाळी आवरा, असा हुकूम येतो. पालघरकडच्या कोळ्यांनी याविरुद्ध वेळोवेळी आवाज उठवला आहे. डिझेल सगळ्या देशाने जाळायचे आणि जाळे मात्र त्यांनी आवरायचे, हा प्रश्न त्यांचा एकट्याचा नाही.

मग तेल काढायचेच नाही का? असे म्हणणे सोपे आहे. त्या तेलाबरोबर येणारा वायू आधी जाळून टाकला जाई. समुद्रात रात्रंदिवस मशाली पेटत. पुढे तो वायू नळाने आणून उरणला वीज आणि थळला खत होऊ लागले. युरियाचे जे पोते आपण शेतात रिकामे करतो, त्यात मुंबई हायचा अंश असू शकतो. म्हणजे जे वाया जात होते आणि हवा बिघडवत होते, तेच शहाणपणाने वापरता आले. नळांची वेळेवर तपासणी, जुने नळ बदलणे, विहिरीतून तेलाबरोबर येणारे खारे पाणी साफ करूनच सोडणे, आणि नुकसान झाले तर कोळ्याला नि शेतकऱ्याला विनाविलंब भरपाई, एवढे मागण्याचा आपला हक्क आहे.

आणि आपले कर्तव्य? मुंबई हाय काही आटणार नाही असे नाही. देशाला लागणाऱ्या तेलातला पाचांतल्या चारांहून अधिक भाग आज बाहेरून येतो. जे लाखो वर्षांत साठले ते आपण दोन-तीन पिढ्यांत जाळत आहोत, आणि त्याचा धूर पाऊसपाण्याचे वेळापत्रक बदलत आहे. आणखी एक. समुद्र दूर आहे, पण पवना जवळ आहे. इंजिनाचे, मोटारीचे काळे तेल गटारात ओतले की ते नदीलाच मिळते. तिथे ना सागर सम्राट लागतो, ना नळ फुटावा लागतो. एक डबा पुरतो. ते तेल साठवून पुन्हा शुद्ध करणाऱ्यांकडे देता येते.

गुरुजी, उद्या वर्गात एक परात पाण्याने भरा आणि तीत तेलाचा एकच थेंब सोडा. तो कसा पसरतो ते मुलांना पाहू द्या. मग त्याच पाण्यातून तो थेंब परत काढून दाखवायला सांगा. विहिरीतून तेल काढणे माणसाला जमले. पाण्यातून ते परत काढणे किती अवघड आहे, हे मुलांना त्या परातीपाशीच कळेल.