संत राफाएलचा संघ: परदेशस्थांची सेवा आणि संस्थेचा कारभार

ह्या वर्षी आमच्या धर्मग्रामास पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत. त्या निमित्ताने बाप्तिस्म्याची, विवाहाची व दफनाची जुनी पुस्तके आम्ही पुन्हा उघडून पाहिली, तेव्हा एक गोष्ट विशेष ध्यानी आली. आरंभीच्या पानांवर ज्यांची नावे आहेत, त्यांच्यापैकी पुष्कळांच्या मरणाची नोंद आमच्या पुस्तकांत नाही. कोणी बोटीवर नोकरीस गेले, कोणी आखातात, कोणी त्याहूनही दूर. आणि तेथेच त्यांची माती झाली. उलट, त्यांनी सोडलेल्या ह्याच गावांत आज दूरदूरचे मजूर वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर राबत आहेत, ज्यांची नावे आमच्या कोणत्याच पुस्तकात नाहीत.

महोत्सवाचे स्मारक म्हणून धर्मग्रामातील काही उत्साही मंडळींनी, येथून गेलेल्यांच्या व येथे आलेल्यांच्या हक्कांसाठी एक सेवासंघ स्थापण्याचा संकल्प केला असून, त्यास आमचा आशीर्वाद मागितला आहे. आशीर्वाद आम्ही आनंदाने देतो. परंतु त्याबरोबर एक कबुलीही देणे आम्हांस प्राप्त आहे. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात आम्ही सहायक धर्मगुरू असता, असाच एक संघ निघाला होता. खजिना आमच्याच हाती होता. दुःखी मनुष्य दारी आला की आम्ही पेटीत हात घालीत असू. पावती द्यावी, वहीत टाचण करावे, हे आम्हांस दयेचा अपमान केल्यासारखे वाटे. पुढे कुजबुज सुरू झाली. कोणी एक पैही खाल्ली नव्हती. पण ते दाखवून देण्याचे साधन आमच्यापाशी नव्हते. तिसऱ्या वर्षी संघ मोडला, आणि ज्या भट्टीवाल्या कुटुंबांच्या थकलेल्या मजुरीचा दावा आम्ही हाती घेतला होता, ती कुटुंबे रिकाम्या हातांनी आपल्या मुलखास परतली. त्यांची मुखे आम्ही अद्याप विसरलो नाही. म्हणून नव्या संघाच्या मंडळींस उपदेश करण्याऐवजी, आमच्याहून शहाण्या माणसांनी चालविलेल्या एका संघाचा इतिहास येथे सांगण्याचे योजिले आहे.

गेल्याच्या मागील शतकात जर्मनीतून लक्षावधी माणसे अमेरिकेस जात. त्यांपैकी पुष्कळांची वाट फ्रान्सच्या ल हाव्र ह्या बंदरावरून होती. शेत विकून आलेला शेतकरी बायकामुलांसह तेथे उतरे. भाषा परकी, गलबत केव्हा सुटेल ह्याचा भरवसा नाही, आणि सभोवार खाणावळवाले, तिकिटांचे दलाल व नाणी बदलून देणारे टपून बसलेले. पुष्कळांची पुंजी समुद्र दिसण्यापूर्वीच संपे. गलबतावर चढल्यावरही सुटका नसे. स्त्रिया व पुरुष एकाच अंधाऱ्या जागेत कोंबले जात, आणि तरुण मुलींच्या अब्रूस तेथे कोणी राखणदार नसे.

१८६१ साली लिम्बुर्ग गावचा पेटर पाउल काहेन्स्ली नावाचा एक तरुण व्यापारी ह्या बंदरात कामास आला. त्याचा जन्म १८३८ चा. तो धर्मगुरू नव्हता, श्रीमंत सरदारही नव्हता. संत विन्सेंट दी पॉलच्या मंडळाचा सभासद ह्या नात्याने तो गरिबांच्या भेटीस जाऊ लागला आणि तेथे त्याने आपल्याच देशबांधवांची ही दशा पाहिली. दुसरा कोणी असता तर त्याने चार जणांस मदत करून समाधान मानले असते. काहेन्स्लीने व्यापाऱ्याच्या सवयीने नोंदी ठेवल्या: कोण कोठून आला, कोणी फसविला, कसा फसविला. त्या नोंदी घेऊन तो १८६५ साली ट्रियर येथे भरलेल्या जर्मन कॅथोलिकांच्या परिषदेपुढे उभा राहिला. १८६८ साली बाम्बर्ग येथील परिषदेत ह्या कामासाठी एक समिती नेमण्यात आली आणि १८७१ साली माइन्स येथे संघाची रीतसर स्थापना झाली. पहिल्या भाषणापासून स्थापनेपर्यंत सहा वर्षे गेली, हे आमच्या उतावीळ मंडळींनी लक्षात घ्यावे.

संघास संत राफाएलचे नाव देण्यात आले; कारण तोबीतच्या पुस्तकात तरुण तोबियाबरोबर परमुलखाची वाट चालणारा देवदूत तो हाच. अध्यक्षपदी इसेनबुर्ग-बिर्श्टाइनचे प्रिन्स कार्ल, आणि चिटणिसाचे काम काहेन्स्लीकडे, अशी योजना झाली. नावलौकिकाचा मनुष्य अध्यक्ष आणि राबणारा मनुष्य चिटणीस, ही व्यवस्था जवळजवळ तीस वर्षे टिकली. १८९९ साली काहेन्स्ली स्वतः अध्यक्ष झाला.

संघाच्या कारभाराचा कणा म्हणजे बंदरोबंदरी नेमलेले विश्वासू प्रतिनिधी. हाम्बुर्ग, ब्रेमेन, अँटवर्प, ल हाव्र अशा ठिकाणी एकेक माणूस राही. गावच्या धर्मगुरूकडून अथवा संघाकडून शिफारसपत्र घेऊन निघालेला प्रवासी ते पत्र बंदरावर त्या प्रतिनिधीस दाखवी. तो त्यास प्रामाणिक खाणावळ, योग्य भावाने नाणी व तिकिटाची खरी माहिती मिळवून देई. संघ कोणास देश सोडण्यास भरीस घालीत नसे. जो जाण्याचे ठरवून आला, त्याची वाट सुरक्षित करणे एवढेच आपले काम, अशी मर्यादा त्याने स्वतःस घालून घेतली होती. ह्या मर्यादेमुळेच त्याच्या सल्ल्यास वजन आले. १८८६ पासून संघाने आपले नियतकालिकही चालविले.

ह्यावरून कोणी असे समजू नये की संघाचे काम केवळ धर्मादायाचे होते. भुकेल्यास जेवण देणे वेगळे आणि त्याची मजुरी त्यास मिळवून देणे वेगळे. पहिली दया, दुसरा न्याय. गलबतांवर स्त्रीपुरुषांची निजण्याची व्यवस्था निराळी असावी, दलालांवर सरकारची देखरेख असावी, ह्यासाठी संघाने वर्षानुवर्षे अर्ज केले. जहाज कंपन्यांस हे रुचले नाही. तेव्हा काहेन्स्लीने १८८३ साली न्यूयॉर्कचा प्रवास स्वतः सर्वांत स्वस्त दर्जाने, गरीब प्रवाशांमध्ये राहून केला आणि तेथील स्थिती डोळ्यांनी पाहून घेतली. न्यूयॉर्क येथे संघाची शाखा निघाली. १८८९ साली तेथे उतरणाऱ्यांसाठी लिओ हाउस नावाचे आश्रयगृह उघडले आणि त्याची व्यवस्था संत अॅग्नेसच्या सिस्टरांनी पाहिली. पुढे १८९७ साली जर्मन साम्राज्याने देशांतराविषयी कायदा करून दलालांस व कंपन्यांस परवाना बंधनकारक केला. तो कायदा एकट्या संघाने घडविला असे आम्ही म्हणणार नाही; पण ज्यांनी त्याची वाट तयार केली, त्यांत ह्या संघाची गणना होते.

इटलीत हेच कार्य पिआचेन्साचे बिशप योहान बाप्तिस्त स्कालाब्रिनी ह्यांनी हाती घेतले. त्यांनी १८८७ साली देशांतर करणाऱ्यांसाठी धर्मगुरूंचा एक संघ स्थापिला व पुढे प्रापंचिकांचा राफाएल संघही उभारला. २०२२ साली पोप फ्रान्सिस ह्यांनी त्यांस संतपद दिले.

आता संघाच्या चुकीकडे वळू. कारण इतिहास केवळ स्तुतीसाठी वाचावयाचा नसतो. डिसेंबर १८९० मध्ये स्वित्झर्लंडमधील लुसर्न येथे निरनिराळ्या देशांच्या राफाएल संघांचे प्रतिनिधी एकत्र जमले आणि त्यांनी परमगुरू लिओ तेरावे ह्यांस एक निवेदन लिहिले. एप्रिल १८९१ मध्ये काहेन्स्लीने ते रोमला सादर केले. अमेरिकेत गेलेल्या प्रत्येक भाषेच्या लोकांस स्वतंत्र धर्मग्राम, स्वतःचे धर्मगुरू, स्वभाषेच्या शाळा असाव्यात, आणि बिशपांमध्येही त्यांचे प्रतिनिधी असावेत, अशी मागणी त्यात होती; आणि ही व्यवस्था नसल्यामुळे अमेरिकेत एक कोटीहून अधिक कॅथोलिक धर्मास अंतरले, असे त्यात लिहिले होते.

हेतू वाईट नव्हता. परक्या भाषेत पापनिवेदन करावे लागणाऱ्या म्हाताऱ्या बाईचे दुःख आम्हीही जाणतो. पण अमेरिकेत वादळ उठले. कार्डिनल गिबन्स व आर्चबिशप आयर्लंड ह्यांनी कडाडून विरोध केला. परदेशांतील काही मंडळी आमच्या देशाच्या धर्मकार्यात हात घालीत आहेत, असा आरोप झाला. जून १८९१ मध्ये रोमने बिशपांविषयीची मागणी अमान्य केली, आणि काहेन्स्लीचे नाव अमेरिकेत कित्येक वर्षे भांडणाचे दुसरे नाव होऊन राहिले.

चूक कोठे झाली? आमच्या अल्पमतीने दोन ठिकाणी. बंदरावरील फसवणुकीविषयी संघ बोले, तेव्हा तो स्वतःच्या नोंदींवरून बोले; म्हणून त्याचे बोलणे कोणास खोडता येत नसे. लुसर्न येथे मात्र त्याने असा आकडा पुढे केला, जो त्याच्या कोणत्याही वहीतून आलेला नव्हता. आणि दुसरे असे की, ज्यांच्या नावे मागणी केली, त्या अमेरिकेतील लोकांची व त्यांच्या बिशपांची संमती आधी घेतली नव्हती. दुसऱ्याच्या वतीने बोलावयाचे, तर त्याने तुम्हांस तसे सांगितले असले पाहिजे.

काहेन्स्ली १९२३ साली वारला. त्यानंतर दहा वर्षांनी जर्मनीत हिटलरची सत्ता आली आणि संघाचे काम पालटले. आता पोटासाठी नव्हे, तर जीव वाचविण्यासाठी माणसे देश सोडू लागली. ज्यांच्या अंगी ज्यू रक्त आहे म्हणून छळ होई, अशा कॅथोलिकांस बाहेर काढण्याची खटपट संघाने केली. त्याचे चिटणीस, पालोटी संघाचे फादर माक्स ग्रेसर, ह्यांस गेस्टापोने अटकही केली. ते १९४० साली वारले. १९३९ मध्ये पोपमहाराजांच्या विनंतीवरून ब्राझील सरकारने अशा लोकांसाठी तीन हजार प्रवेशपत्रे देऊ केली होती; पण त्यांवर घातलेल्या अटींमुळे त्यांपैकी बहुतेकांचा उपयोग होऊ शकला नाही. जून १९४१ मध्ये गेस्टापोने संघच बंद केला.

येथे आम्हांस एक प्रश्न टोचतो. संघाची दारे मुख्यतः बाप्तिस्मा झालेल्यांसाठी उघडी होती. त्यांच्या शेजारच्या, बाप्तिस्मा न झालेल्या ज्यू कुटुंबाने कोठे जावे? त्यांच्या स्वतःच्या संस्था होत्या हे खरे. तरी भल्या शोमरोनीने जखमी मनुष्यास त्याचा धर्म विचारला नव्हता. युद्धानंतर हे कार्य पुन्हा उभे राहिले आणि आज राफाएल्सवेर्क ह्या नावाने हाम्बुर्ग येथून चालते. तेथे आता सल्ला मागणाऱ्याचा धर्म पाहिला जात नाही.

ह्या संघाच्या तुलनेत आपल्याकडील एक उदाहरण देतो. मुंबईत धोबीतलाव परिसरात गोव्याच्या गावोगावच्या लोकांनी आपापले कूड स्थापिले. बोटीवर जाणारे खलाशी दोन सफरींच्या मध्ये तेथे उतरत. थोडक्या वर्गणीत निजण्यास जागा मिळे, पेटी सुरक्षित राही आणि संध्याकाळी गावच्या संताच्या वेदीपुढे सर्व मिळून रोझरी म्हणत. राफाएल संघात परदेशस्थांसाठी दुसरे लोक कारभार करीत. कुडात परदेशस्थ आपला कारभार आपणच करीत. जहाज कंपनीशी वा सरकारशी वाद घालण्याची शक्ति पहिल्यात अधिक, आपलेपणा दुसऱ्यात अधिक. नव्या संघास दोन्हींची गरज आहे.

तेव्हा आमचे मागणे थोडके आहे. संघाच्या समितीत आखातातून परतलेला एक तरी मनुष्य व भट्टीवर राबणारा एक तरी मनुष्य असावा. खजिना एकाच्या हाती नसावा, आणि धर्मगुरूच्या हाती तर मुळीच नसावा. दर वर्षी हिशेब मिस्सेनंतर सर्वांपुढे वाचावा. आपल्या नोंदवहीत नाही असा आकडा कोणी सभेत बोलू नये. आणि दारी आलेल्यास प्रथम काय झाले ते विचारावे, चर्च कोणते ते नंतर, अथवा मुळीच नाही.

तोबीतच्या कथेत आणखी एक गोष्ट आहे, ती आम्ही गुरुविद्यालयात असता वाचूनही पुढे विसरलो होतो. तोबियाचा प्रवास मुळात निघाला तो एका ठेवीसाठी. बापाने दूरच्या गावी गाबाएलपाशी रुपे ठेवले होते आणि त्याची चिठ्ठी जपून ठेवली होती. राफाएल ती चिठ्ठी घेऊन गेला, तेव्हा गाबाएलने मोहरबंद थैल्या जशाच्या तशा काढून त्याच्यापुढे मोजून दिल्या. देवदूतानेही चिठ्ठी दाखविली आणि मोजणी होऊ दिली. त्यात त्यास कमीपणा वाटला नाही. आणि घरी परतल्यावर त्याने मोबदला मात्र घेतला नाही.

त्या जुन्या संघाच्या नावे जी कुटुंबे रिकाम्या हातांनी गेली, त्यांची क्षमा मागून, ही नवी वही आम्ही आज आशीर्वादपूर्वक ह्या मंडळींच्या हाती देत आहोत. पहिल्या पानावर तारीख घालावी, आणि पहिली पावती आमच्या वर्गणीची फाडावी.