खेळातील पुनरपराध आणि त्याचे दंडविधान

१

कोणत्याही संघर्षप्रधान खेळाच्या नियमांचा इतिहास हा पुष्कळ अंशी त्या खेळातील दंडविधानाचा इतिहास असतो. अंगाशी अंग भिडते तेथे नियमभंग होणारच. तो झाल्यावर काय करावे, एवढेच ठरविणे नियमकर्त्यांच्या हाती असते. पहिल्या अपराधाचा निर्णय तुलनेने सोपा आहे. खरा पेच उद्भवतो तो दुसऱ्या-तिसऱ्या अपराधाच्या वेळी. प्रतिस्पर्ध्याच्या जीवितास वा अवयवास धोका पोहोचेल असे कृत्य ज्याने पूर्वी केले, त्यानेच ते पुन्हा केले, तर शिक्षा आजच्या कृत्यापुरती द्यावी, की मागील कृत्यांचीही तीत गणना करावी? आणि गणना करावयाची तर ती किती मागे न्यावी?

बास्केटबॉल आणि कबड्डी या दोन खेळांनी या प्रश्नास दिलेली उत्तरे तुलनेस योग्य आहेत. पहिला खेळ एका शिक्षकाने हेतुपूर्वक घडविला. दुसरा लोकांत पिढ्यान्‌पिढ्या खेळला जात होता व त्यास नियमांची चौकट मागाहून मिळाली. दोहोंच्या अखिल भारतीय संघटना मात्र १९५० या एकाच वर्षी स्थापन झाल्या. या दोन नियमेतिहासांवरून असे दिसते की, न्याय्य शिक्षेचा प्रश्न हा शिक्षेच्या तीव्रतेचा जितका आहे, त्याहून अधिक दंडकर्त्याच्या स्मरणाच्या मर्यादेचा आहे.

२

जेम्स नेस्मिथ याने डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे बास्केटबॉलचे तेरा नियम रचले. त्यांतील पाचवा नियम प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. खांद्याने रेटणे, धरणे, ढकलणे, पाय घालून पाडणे व प्रहार करणे या कृत्यांस त्याने मनाई केली. पहिल्या वेळी असे घडल्यास केवळ नियमभंगाची नोंद व्हावी. दुसऱ्या वेळी घडल्यास पुढील गोल होईपर्यंत खेळाडूस बाहेर बसवावे. आणि इजा करण्याचा हेतू उघड दिसत असल्यास त्यास संपूर्ण सामन्यास मुकावे लागावे, अशी ती व्यवस्था होती. बाहेर गेलेल्याच्या जागी बदली खेळाडू घेण्याची सोय नव्हती.

दंडशास्त्राची दोन स्वतंत्र तत्त्वे या एकाच नियमात आढळतात. पुनरावृत्ती हे शिक्षा वाढविण्याचे एक कारण आणि हेतू हे दुसरे. दुष्ट हेतू स्पष्ट असेल तर पुनरावृत्तीची वाट पाहण्याचे कारण नाही, हेही त्यातून निष्पन्न होते. शिवाय दहाव्या नियमाने दोन पंचांपैकी एकास खेळाडूंच्या वर्तनाचा न्यायाधीश नेमून नियमभंगांची नोंद ठेवण्याचे काम त्याच्याकडे सोपविले. म्हणजे स्मरण हे प्रारंभापासूनच एका अधिकाऱ्याचे कर्तव्य ठरले. मात्र हे स्मरण सामन्याबरोबर संपत असे. पुढे खेळाडूमागे चुकांची संख्या मोजून त्यास बाद करण्याची पद्धत रूढ झाली. आंतरराष्ट्रीय नियमांत ही मर्यादा पाच चुकांची, तर अमेरिकेतील व्यावसायिक संघटनेत, म्हणजे एनबीएमध्ये, सहा चुकांची आहे. या पद्धतीत बदली खेळाडूस मुभा मिळाली आणि शिक्षेचा भार संघावरून बराचसा व्यक्तीवर आला.

हा खेळ भारतात वायएमसीएच्या द्वारे आला. मद्रास येथे १९२० साली निघालेल्या शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयाने त्याचा प्रसार केला. मुंबईत नागपाडा भागाने त्यास आश्रय दिला. १९७० साली अर्जुन पुरस्कार मिळविणारे अब्बास मुंतसिर याच वस्तीचे. तथापि भारतात हा खेळ मुख्यत्वे हौशी राहिल्याने सामन्याबाहेरील स्मरणाचा प्रश्न येथे तीव्र झाला नाही.

३

कबड्डीची गोष्ट निराळी आहे. महाराष्ट्रात हुतूतू या नावाने प्रसिद्ध असलेल्या या खेळाचे नियम विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत लिखित स्वरूपात येऊ लागले. संजीवनी, गामिनी आणि अमर असे त्याचे तीन प्रकार होते. संजीवनीत बाद झालेला गडी प्रतिपक्षाचा गडी बाद होताच पुन्हा जिवंत होई. गामिनीत सर्व गडी बाद होईपर्यंत त्यास बाहेरच बसावे लागे. अमर प्रकारात बाद झालेलाही मैदानातच राही. प्रमाणित खेळाने यांपैकी संजीवनीचे तत्त्व स्वीकारले.

दंडविधानाच्या दृष्टीने यातून एक विलक्षण अडचण उत्पन्न होते. बास्केटबॉलमध्ये मैदानाबाहेर जावे लागणे ही मूलतः शिक्षा होय. कबड्डीत तो खेळाचा नित्यक्रम आहे. उत्तम खेळणारा प्रामाणिक गडीही एका सामन्यात अनेकदा बाद होतो व जिवंत होतो. तेव्हा चढाई करणाऱ्याचे तोंड दाबून त्याचा दम कोंडणे, इजा होईल अशा रीतीने त्यास पाडणे किंवा पायांची कैची घालणे या कृत्यांबद्दल केवळ ‘बाद’ ठरविण्याने दंडाचा अर्थच प्रकट होत नाही. अपराधी आणि दुर्दैवी गडी दोघेही एकाच बाकावर बसतात.

आधुनिक नियमांनी ही अडचण पत्त्यांच्या पद्धतीने सोडविली. हिरवा पत्ता ही ताकीद. पिवळा पत्ता म्हणजे दोन मिनिटांचे निलंबन. लाल पत्ता म्हणजे सामन्यातून हकालपट्टी. हिरवा पत्ता दुसऱ्यांदा मिळाल्यास तो पिवळा होतो व पिवळा दुसऱ्यांदा मिळाल्यास लाल. निलंबित गड्याच्या जागी बदली गडी मिळत नाही; संघास तेवढ्या कमी गड्यांनिशी खेळावे लागते. त्यामुळे साधे बाद होणे आणि दंडित होणे यांतील भेद स्पष्ट झाला. नेस्मिथच्या मूळ नियमातील चढत्या शिक्षेची पायरी व बदलीची मनाई ही दोन्ही तत्त्वे येथे दिसतात. एकाच प्रकारच्या गरजेतून दोन भिन्न परंपरा सारख्याच उपायाशी पोहोचल्याचे हे उदाहरण मानता येईल.

४

खेळ व्यवसाय बनला की परिस्थिती पालटते. तेच खेळाडू एका हंगामात वारंवार समोरासमोर येतात, त्यांची उपजीविका शरीरावर अवलंबून असते, आणि एका सामन्यात संपणारे स्मरण अपुरे पडते. ९ डिसेंबर १९७७ रोजी लॉस एंजेलिसचा खेळाडू कर्मिट वॉशिंग्टन याने ह्यूस्टनच्या रूडी टोमजानोविच याच्या तोंडावर ठोसा मारला. चेहऱ्याची हाडे मोडून टोमजानोविचच्या प्राणावर बेतले. वॉशिंग्टनला दहा हजार डॉलर दंड व साठ दिवसांचे निलंबन झाले. त्यास २६ सामने मुकावे लागले. या घटनेनंतर १९७८-७९ च्या हंगामात तिसरा पंच नेमण्याचा प्रयोग झाला व १९८८-८९ पासून तो कायम झाला. १९९०-९१ पासून घोर नियमभंगाचे, म्हणजे फ्लॅग्रंट फाऊलचे, स्वतंत्र विधान करण्यात आले.

या विधानानुसार अनावश्यक आघात हा पहिल्या प्रतीचा व अनावश्यक आणि अतिरेकी आघात हा दुसऱ्या प्रतीचा अपराध होय. पहिल्यास एक गुण, दुसऱ्यास दोन. नियमित हंगामात पाचांहून अधिक गुण झाल्यास निलंबन होते. अंतिम फेऱ्यांत गणना नव्याने सुरू होऊन तीनांहून अधिक गुण निलंबनास पुरतात. येथे स्मरणास आकडा मिळाला, तशीच मुदतही मिळाली.

या पद्धतीची कसोटी २०१६ साली लागली. गोल्डन स्टेट संघाचा ड्रेमंड ग्रीन याचे अंतिम फेऱ्यांत आधीच तीन गुण झाले होते. अजिंक्यपदाच्या चौथ्या सामन्यातील त्याचे कृत्य सामन्यानंतर पहिल्या प्रतीचे ठरविण्यात आले, चौथा गुण पडला आणि १३ जून रोजीच्या पाचव्या सामन्यास तो मुकला. तीन विरुद्ध एक असा पुढे असलेला त्याचा संघ अखेरीस मालिका हरला. सुट्या कृत्याच्या मानाने परिणाम फार मोठा झाला, असा आक्षेप घेता येतो. परंतु चौथ्या गुणाचे मोल आधीच जाहीर होते आणि ते सर्वांस सारखे होते. या अर्थाने ती शिक्षा कठोर असली तरी अन्याय्य म्हणता येत नाही.

याच खेळाडूच्या बाबतीत २०२३ साली निराळे तत्त्व लागू झाले. १४ नोव्हेंबर रोजी प्रतिस्पर्ध्याचा गळा आवळल्याबद्दल त्यास पाच सामन्यांची बंदी झाली. १२ डिसेंबर रोजी दुसऱ्या एका प्रतिस्पर्ध्याच्या तोंडावर प्रहार केल्यावर त्याच्या पूर्वेतिहासाचा उल्लेख करून अनिश्चित काळाचे निलंबन देण्यात आले; ते बारा सामन्यांनी, ६ जानेवारी २०२४ रोजी उठले. येथे आकड्याची जागा लौकिकाने घेतली. धोका खरा होता आणि प्रतिस्पर्ध्यांस संरक्षणाचा हक्क होता, यात संशय नाही. पण शिक्षा देताना तिची मर्यादा अपराध्यास ठाऊक नव्हती.

५

लौकिकावर आधारलेल्या दंडाविषयी महाराष्ट्राने सावध असण्यास ऐतिहासिक कारण आहे. १८६० च्या दंडसंहितेच्या ७५ व्या कलमाने पूर्वीच्या दोषसिद्धीमुळे विशिष्ट अपराधांची शिक्षा वाढविली. हे तत्त्व १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या न्याय संहितेतही टिकून आहे. त्यात निदान सिद्ध झालेले कृत्य हाच आधार असतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने मात्र कृत्याची जागा जन्मास दिली. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातील वसाहतीत ज्यांना ठेवण्यात आले, त्यांची ‘पुनरावृत्ती’ त्यांनी काही करण्यापूर्वीच गृहीत धरलेली होती. हा कायदा १९५२ साली रद्द झाला; परंतु सराईत गुन्हेगारांविषयी मुंबई राज्याने १९५९ साली केलेल्या कायद्याने नोंद व निर्बंध यांची परंपरा दुसऱ्या रूपाने चालू राहिली. खेळाडूवरील काही सामन्यांची बंदी आणि एका समाजावरील पिढ्यान्‌पिढ्यांचा कलंक यांची बरोबरी अर्थातच होऊ शकत नाही. तथापि दंडकर्त्याची नजर कृत्यावरून माणसाच्या ओळखीवर घसरली म्हणजे काय होते, हे त्या इतिहासावरून कळते.

वरील विवेचनावरून न्याय्य दंडाची तीन लक्षणे सांगता येतात. गणना सिद्ध कृत्यांचीच व्हावी. वाढत्या शिक्षेचे प्रमाण आधीच जाहीर असावे. आणि नोंदीस मुदत असावी, म्हणजे सुधारलेल्या खेळाडूस सुधारणेचे फळ मिळेल. त्याचबरोबर जखमी होणाऱ्याचा हक्क विसरता येत नाही. म्हणून प्राणघातक कृत्यास पुनरावृत्तीची अट लावू नये, हा नेस्मिथचा विवेक आजही ग्राह्य ठरतो.

२०१४ पासून कबड्डीही व्यावसायिक झाली असून मुंबई व पुणे या शहरांचे संघ तिच्या लीगमध्ये खेळतात. भिवंडी, कल्याण, पनवेल या पट्ट्यातील आगरी-कोळी गावांत मातीवर खेळणाऱ्या तरुणांस आता या खेळात उपजीविका दिसते. मोडलेला गुडघा ही त्यांच्यापैकी एखाद्याच्या घरची आर्थिक आपत्ती ठरू शकते. आणि अनिश्चित काळाची बंदीही तशीच ठरू शकते. या दोन्ही हानींचा हिशेब एकाच वहीत मांडणे, हेच या खेळाच्या पुढील नियमकर्त्यांचे कार्य आहे.