सुई टोचताच हाताला 'करंट'? मज्जातंतूवरची गाठ एफएनएसीमध्ये अशी ओळखतात

'गाठीला सुई लावली की कॅन्सर पसरतो' हा समज अजूनही सर्रास ऐकू येतो. त्या भीतीने अनेक जण तपासणीच टाळतात. मग खरं काय?

ही गाठ कशाची?
मज्जातंतूंभोवती, वायरीवर प्लास्टिक असतं तसं, श्वान पेशींचं आवरण असतं. त्यातून वाढणाऱ्या गाठींपैकी श्वानोमा आणि न्यूरोफायब्रोमा बहुतेकदा साध्या असतात. एमपीएनएसटी हा मात्र दुर्मीळ कॅन्सर आहे. त्याचे जवळपास निम्मे रुग्ण एनएफ-१ या जनुकीय आजाराचे असतात.

फसगत कुठे होते?
आपल्याकडे मानेत गाठ दिसली की आधी टीबीची शंका येते. पण ती गाठ मज्जातंतूवरची असेल आणि साधी समजून कापली, तर मज्जातंतूला इजा होऊन हात लुळा पडू शकतो किंवा आवाज बसू शकतो. म्हणून आधी निदान.

एफएनएसीमध्ये काय करतात?
बारीक सुईने गाठीतल्या पेशी ओढून काचपट्टीवर पसरवतात, रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. साधारणपणे भूल लागत नाही, काही मिनिटांत काम होतं. सुई टोचताच हातात करंट गेल्यासारखी कळ आली, तर लगेच सांगा. तो मोठा धागा असतो. काचपट्टीवर लांबट, नागमोडी केंद्रकांच्या पेशींचे पुंजके आणि कधी केंद्रकांच्या समांतर रांगा दिसल्या, तर श्वानोमाची शक्यता वाढते.

रिपोर्ट शेवटचा शब्द आहे का?
नाही. कधी पेशी खूप कमी येतात, कधी साधी गाठ की कॅन्सर हे ठरत नाही. तेव्हा एमआरआय, बायोप्सी आणि एस-१०० नावाची विशेष तपासणी लागते.

मग कॅन्सर पसरतो का?
सुईच्या वाटेने पेशी पसरणं अत्यंत दुर्मीळ आहे. उशीर जास्त महागात पडतो.

वऱ्हाडात कुठे विचारायचं?
अकोल्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा अमरावतीचं डॉ. पंजाबराव देशमुख वैद्यकीय महाविद्यालय इथे सर्जरीच्या ओपीडीत आधी गाठ दाखवा.

थांबू नका, जर: गाठ झपाट्याने वाढतेय, दुखतेय, हातपाय बधिर होतायत किंवा अंगावर कॉफीच्या रंगाचे बरेच डाग आहेत.